उद्यानातील पादचारी पूल आणि त्याला मिळणाऱ्या वाटा

सार्वजनिक उद्यानातून ओढा किंवा नदी वाहत असली म्हणजे त्या उद्यानाचे दोन भाग पडतात, आणि आज ना उद्या तेथे पूल हवा अशी मागणी पुढे येते. मागणी रास्तच असते. परंतु ती पुरी करताना पुष्कळदा पुलाचा विचार केवळ पुलापुरताच केला जातो. पात्र जेथे सर्वांत अरुंद तेथे पूल सर्वांत स्वस्त, असे गणित मांडले जाते; त्याप्रमाणे नकाशा तयार होतो, कोनशिला बसते, आणि बांधकाम पुरे झाल्यावर असे आढळते की, पुलाच्या एका टोकाला गुलाबाचे वाफे आहेत व दुसऱ्या टोकाला कुंपण. मग लोक वाफे तुडवतात, कुंपणाची तार वाकवतात, आणि दोष लोकांच्या बेशिस्तीला दिला जातो.

वास्तविक उद्यानातील पूल ही स्वतंत्र वास्तू नव्हे. तो वाटेचाच एक तुकडा होय. मात्र सर्वांत खर्चाचा, सर्वांत अरुंद, आणि माणसे जेथे हटकून थांबतात असा. पुलाची जागा, रुंदी, चढ आणि ताकद या सर्व गोष्टी या एका जाणिवेतून ठरवाव्या लागतात.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. कोकणात ओढ्यावर माडाचे किंवा पोफळीचे ओंडके आडवे टाकून जो साकव करतात, तो असाच असतो. तेथे वाट आधी पडलेली असते. शाळेला जाणारी मुले, गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बाया, देवळाकडे निघालेली म्हातारी माणसे ज्या ठिकाणी उन्हाळ्यात पाण्यात पाय घालून पलीकडे जातात, त्याच ठिकाणी पावसाळ्याच्या तोंडावर साकव पडतो. साकवासाठी वाट वळवल्याचे सहसा कोणी ऐकले नसेल. शहरातील उद्यानात मात्र वाट कोणती हे आधी शोधावे लागते. त्यासाठी हिरवळीवर लोकांच्या चालण्याने उमटलेल्या पायवाटा पाहाव्यात. शक्य असल्यास एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा, आणि मगच फरसबंदीला हात घालावा. आखलेला पदपथ आणि पडलेली पायवाट यांत जेवढे अंतर, तेवढी आखणाऱ्याची चूक, असे मानायला हरकत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. ते दूरचे आहे; परंतु पूल बांधण्यापूर्वी एक पूल पाडावा लागल्यामुळे त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात ग्रीनव्हिल नावाचे शहर आहे. शहराच्या मध्यातून रीडी नावाची लहानशी नदी वाहते आणि भर वस्तीत तिचा धबधबा आहे. शहराचा आरंभच या धबधब्यापाशी झाला. कारण पाण्याच्या पडण्यावर गिरणीचे चाक फिरवता येत असे. पुढे येथे कापडाच्या गिरण्या आल्या. त्यांचे रंगीत सांडपाणी नदीत जाऊ लागले आणि लोकांनी नदीकडे पाठ फिरवली. १९६०च्या सुमारास मोटारींच्या सोयीसाठी धबधब्याच्या अगदी माथ्यावरून चौपदरी पूल बांधण्यात आला. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी अनेकांना आपण एका धबधब्यावरून जात आहोत याचा पत्ताही नसे.

१९६७ मध्ये कॅरोलिना फूटहिल्स गार्डन क्लब या स्त्रियांच्या बागकाम मंडळाने नदीकाठची सुमारे २६ एकर जमीन पुन्हा लोकांच्या उपयोगात आणण्याचे काम अंगावर घेतले. झाडोरा काढणे, वाटा करणे, झाडे लावणे हे सारे होत गेले. परंतु डोक्यावरचा मोटारींचा पूल होता तेथेच होता. तो पाडावा की नाही यावर शहरात पुष्कळ वाद झाला. धडधाकट पूल कोणी पाडतो काय, रहदारीचे काय होणार, असे आक्षेप होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते. अखेर २००२ मध्ये तो पूल उतरवण्यात आला. त्या जागी केवळ पायी चालणाऱ्यांसाठी नवा पूल बांधण्यात आला आणि सप्टेंबर २००४ मध्ये तो खुला झाला. त्याचे नाव लिबर्टी ब्रिज. बोस्टन येथील वास्तुशिल्पी मिगेल रोसालेस यांनी त्याची कल्पना मांडली, आणि त्याच्या ताकदीचा हिशेब श्लाइश बेर्गरमान या जर्मन अभियंत्यांच्या कार्यालयाने केला. खर्च सुमारे ४५ लाख डॉलर आला.

हा झुलता पूल सुमारे ३५० फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. सर्वसाधारण झुलत्या पुलाला दोन्ही बाजूंनी दोन मुख्य लोहदोर असतात. येथे एकच आहे, आणि तोही धबधब्याच्या विरुद्ध बाजूला. त्यामुळे धबधब्याकडच्या कठड्याशी उभे राहणाऱ्याच्या नजरेपुढे ना खांब येतो, ना तार. पूल सरळ नसून कमानीसारखा आडवा वळलेला आहे.

येथे वाचकाच्या मनात शंका येईल की, एकाच कडेने टांगलेला पूल लवंडत कसा नाही? सरळ फळी एका कडेने टांगली तर ती खचित लवंडेल. परंतु पिंपाचा लोखंडी पट्टा किंवा चाकाची धाव डोळ्यांसमोर आणावी. अशा वर्तुळाकार वस्तूला जागच्या जागी पीळ देऊन लवंडवायचे झाले, तर तिची वरची कड आतल्या बाजूस सरकून आखूड व्हावी लागेल आणि खालची कड बाहेर जाऊन लांबावी लागेल. धातू किंवा काँक्रीट असे सुखासुखी आखूड वा लांब होत नाही. म्हणून लवंडण्याला विरोध होतो. वर्तुळाचा तुकडाही दोन्ही टोकांना घट्ट धरला तर असाच वागतो. म्हणजे पुलाला दिलेले वळण केवळ शोभेसाठी नाही. त्या वळणामुळेच एका दोरावर काम भागले. सुंदर दिसणारी गोष्ट आणि भार वाहणारी गोष्ट एकच असण्याचा योग बांधकामात वारंवार येत नाही.

परंतु ग्रीनव्हिलच्या पुलाची खरी किंमत त्याला मिळणाऱ्या वाटांमुळे वाढली. त्या भागात एक जुना रेल्वेमार्ग होता. त्या आगगाडीला लोक ‘स्वॅम्प रॅबिट’, म्हणजे दलदलीतला ससा, म्हणत. गाडी बंद पडल्यावर तो मार्ग चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी तयार करण्यात आला आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस खुला होऊ लागला. आज ही वाट २० मैलांहून अधिक लांब असून उत्तरेच्या ट्रॅव्हलर्स रेस्ट या गावापासून येऊन धबधब्याच्या उद्यानातून पुढे जाते. जुना रेल्वेमार्ग चालण्यास इतका सोयीचा का असतो, याचे कारण साधे आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. म्हणून तिच्या मार्गासाठी टेकड्या कापून आणि खोलगट जागी भराव घालून जमीन आधीच जवळजवळ सपाट केलेली असते. जे इंजिनाला झेपते ते म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांनाही झेपते.

चढाचा हा प्रश्न पुलाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो हटकून मागे पडतो. पुराचे पाणी लागू नये म्हणून पुलाचा तळ उंच ठेवावा लागतो. मग काठावरून पुलावर जाण्यासाठी पायऱ्या येतात, आणि पायऱ्या आल्या की चाकाची खुर्ची, बाबागाडी व संधिवाताचा रोगी हे तिघेही अलीकडेच राहतात. १२ मीटर लांबीत १ मीटर चढ ही उतरणीची अखेरची मर्यादा समजतात. २० मीटरला १ मीटर हा चढ सुखाचा. पूल काठापासून २ मीटर उंच असेल तर सुखाच्या उतरणीला प्रत्येक बाजूस ४० मीटर जागा लागते. एवढी जागा पूल बांधून झाल्यावर सापडत नसते. ती आधी राखून ठेवली, किंवा वाटच दूरवरून हळूहळू चढवत आणली, तर उतरण वेगळी अशी जाणवतही नाही. नदीच्या अगदी कडेने जाणारी खालची वाट पुरात बुडाली तर चालेल. पाणी ओसरल्यावर गाळ काढला की ती पुन्हा वापरता येते. पूल मात्र पुरातही वर राहिला पाहिजे, आणि त्याला मिळणारी निदान एक वाट कोरडी असली पाहिजे.

वाटेच्या आडव्या उताराकडेही दुर्लक्ष होते. शंभरास दोन एवढा एका बाजूस ढाळ दिला तर पाणी साचत नाही. पूल व वाट जेथे मिळतात तो सांधा विशेष जपावा लागतो. कारण वाटेखालचा भराव बसतो आणि पूल बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तेथे बोटभर पायरी तयार होते व अंधारात ठेच लागते.

आता ताकदीविषयी. मोटारी जात नाहीत म्हणून पादचारी पुलाला भार कमी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती धोक्याची आहे. मोटारी एकमेकींपासून अंतर ठेवून चालतात. माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमांत पादचाऱ्यांच्या भागासाठी दर चौरस मीटरला ४०० किलोग्रॅम भार धरलेला असून, गर्दीचा संभव असेल तेथे तो ५०० धरावा असे सांगितले आहे. ३५० फूट लांब व १२ फूट रुंद पुलाचे क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मीटर भरते. त्यावर या हिशेबाने १९५ टन भार येतो. उद्यानात गर्दीचा संभव नेहमीच असतो. सुट्टीचा दिवस, दिव्यांची रोषणाई किंवा पुराचे पाणी पाहण्याची हौस, यांपैकी काहीही पुरते.

शिवाय माणसे चालतात, आणि चालणे म्हणजे ठेका आहे. चालणारा माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो; प्रत्येक पावलाबरोबर तो पुलाला खाली दाबतो, आणि डाव्या-उजव्या पायाच्या अदलाबदलीमुळे किंचित आडवेही ढकलतो. लंडनमधील मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला, आणि हजारो माणसे त्यावर येताच तो आडवा हलू लागला. हलणाऱ्या पुलावर तोल सावरण्यासाठी माणसे नकळत पुलाच्या हेलकाव्यानुसार पाय टाकू लागली; त्यामुळे हेलकावा वाढला, आणि वाढल्यामुळे आणखी माणसे त्या ठेक्यात सापडली. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. नंतरच्या चाचण्यांत असे दिसले की, ठराविक संख्येपर्यंत पुलाला काहीच होत नाही; ती संख्या ओलांडली की थोडक्याच माणसांनी हेलकावा एकाएकी वाढतो. कंपने शोषणारी उपकरणे बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. पूल तुटला नव्हता व कोणाला मोठी इजाही झाली नव्हती, ही त्यातील समाधानाची गोष्ट.

गुजरातेतील मोरबी येथे असे समाधान लाभले नाही. मच्छू नदीवरचा एकोणिसाव्या शतकातील झुलता पूल दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी तो पुन्हा खुला झाला, आणि ३० तारखेस, दिवाळीच्या सुट्टीतील रविवारी संध्याकाळी, कोसळला. १३५ माणसे गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. चौकशी पथकाला असे आढळले की, मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या आणि अपघातापूर्वीच तुटलेल्या असाव्यात. पुलाची लाकडी फळ्यांची जमीन बदलून धातूची केली होती, पण दोर जुनाच होता. पुलावर एका वेळी किती माणसे सोडावीत याला धरबंध नव्हता. रंगरंगोटी झालेला पूल लोकांना नवा वाटला, आणि तो पाहायला नेहमीपेक्षा अधिक लोक आले. आतली तार डोळ्यांना दिसत नाही, हे यातील मूळ दुखणे.

त्याच राज्यात, अहमदाबादला, साबरमतीच्या दोन्ही काठांना जोडणारा अटल पूल त्याआधी दोनच महिने, ऑगस्ट २०२२ मध्ये, खुला झाला होता. तो सुमारे ३०० मीटर लांब आणि १० ते १४ मीटर रुंद आहे. म्हणजे चालणाऱ्यांची वाट मोकळी ठेवूनही माणसे निवांत थांबू शकतात. त्याची ताकद भरपूर होती, तरीही मोरबीनंतर तेथे तासाला ३,००० पेक्षा अधिक माणसांना प्रवेश न देण्याचा निर्बंध घालण्यात आला. पुलाच्या तोंडाशी माणसे मोजणे हा आता तेथील व्यवस्थेचाच भाग झाला.

अर्थात मोजणारा असला तरी पाहणारा लागतोच. पादचारी पुलाची तपासणी पावसाळ्याआधी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा व्हावी. तपासणाऱ्याने वरून फेरी मारून परतू नये. खाली उतरून, पाठीवर उजेड घेऊन, दोर जेथे नांगरलेला असतो ती जागा आधी पाहावी. पाणी तेथेच मुरते, पालापाचोळा तेथेच कुजतो, आणि नेमका तेथेच रंगाचा जाड थर दिलेला असतो. रंगाखाली फुगवटा दिसला तर तो खरवडून आतला धातू पाहावा. कठड्याचे खांब हाताने हलवून पाहावेत. सांध्यातील बोटभर पायरी मोजून नोंदवावी. आणि नोंदवहीत तारखेबरोबर त्या दिवशी पुलाखालच्या पाण्याची उंचीही लिहावी.