झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती बांडगूळ नव्हे

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत परिसरात उसाच्या फडाकडेला, बांधावर आंब्याची जुनी झाडे दिसतात. त्यांतील काही झाडांच्या फांद्यांवर वेगळ्याच पानांचे हिरवे झुबके असतात. काही शेतकरी "देवाची करणी" म्हणून ते तसेच ठेवतात, तर काहीजण झाडावर उगवलेले जे दिसेल ते ओरबाडून काढतात. दोन्हींत नुकसान आहे. म्हणून मातीशिवाय झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींची ओळख करून घेणे गरजेचे आहे.

अधिवनस्पती : फक्त आधार घेणाऱ्या

आमरी (ऑर्किड) ही झाडाच्या सालीवर मुळांनी घट्ट धरून राहते; पण तिची मुळे लाकडात शिरत नाहीत. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, तर पावसाचे किंवा दवाचे पाणी शोषले की हिरवट होते. सालीच्या खाचेत साचलेली धूळ व कुजलेला पाला यांतून तिला अन्नद्रव्ये मिळतात. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. झाडाकडून ती काहीही घेत नाही. सीतेची वेणी ही सह्याद्रीतील अशीच एक सुंदर आमरी. रोपवाटिकेत हल्ली 'एअर प्लांट' म्हणून मिळणारी टिलँडसिया मूळची अमेरिका खंडांतील असून अननसाच्या कुळातील आहे. तीही पानांवरील बारीक खवल्यांनी पाणी शोषते.

अशा वनस्पतींना दमट हवा मानवते. त्यामुळे त्या मुळशी, भोर व कोकणात जास्त, तर दौंडसारख्या कोरड्या भागात कमी आढळतात. आपल्याकडे झाडावर दिसणारा हिरवा झुबका बहुधा बांडगुळाचाच असतो.

बांडगूळ : अर्धपरोपजीवी

बांडगुळाची पाने हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवते. परंतु पाणी व खनिजे झाडाच्या लाकडात शोषकमुळे घुसवून घेते. पावसाने ताण दिला तरी त्याचे पाणी ओढणे फारसे कमी होत नाही. त्यामुळे बांडगुळाच्या पुढील फांदी वाळते, मोहोर कमी येतो व फळे लहान राहतात. फुलटोच्या पक्षी त्याची पिकलेली फळे खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर लागते. अशा रीतीने एका झाडावरून सर्व बांध भरतो.

अमरवेल ही पूर्ण परोपजीवी आहे. तिला पाने नसतात व वेल पिवळसर असते. वड-पिंपळाचे रोप मात्र खोडाच्या बेचक्यात अधिवनस्पती म्हणून सुरू होते. पुढे त्याची मुळे जमिनीत पोचतात व मूळ झाड आवळले जाते. ते लहान असतानाच मुळासकट काढावे.

ओळख कशी करावी?

झुबका जेथे चिकटला आहे ती जागा पाहावी. तेथे फांदी गाठीसारखी फुगलेली असेल, पाने जाड व चिवट असतील आणि नळीसारखी फुले असतील तर ते बांडगूळ. मुळे सालीवर मोकळी दिसत असतील व फांदीला गाठ नसेल तर ती आमरी समजावी.

उपाय

1. फळे पिकण्यापूर्वी बांडगूळ काढावे.
2. नुसता पाला तोडू नये. लाकडातील भागातून ते पुन्हा फुटते. गाठीपासून खोडाच्या बाजूला सुमारे एक फूट अंतरावर फांदी करवतीने कापावी.
3. कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावावी (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी).
4. बांडगूळ मोठ्या फांदीवर किंवा खोडावर असल्यास ते पुन्हापुन्हा छाटून दुबळे करावे.
5. 2,4-डी सारखे तणनाशक फवारू नये. आंब्यास व शेजारच्या द्राक्ष, भाजीपाला पिकांस इजा होते.
6. कापलेले बांडगूळ जमिनीत रुजत नाही. मात्र फळे असल्यास ती गोळा करून पुरावीत.

एकट्याने झाड साफ करून भागत नाही. शेजारच्या बांधावर बांडगूळ राहिले तर पक्षी बी पुन्हा आणतातच. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकाच हंगामात मोहीम घ्यावी. मात्र कोयता चालवण्यापूर्वी गाठ पाहावी. निरुपद्रवी आमरीला राहू द्यावे. आंबा वाचवायचा तो बांडगुळापासून.