मेंढ्यांतील जंत आणि अंगची प्रतिकारशक्ती

एकाच कळपात, एकाच रानात चरणाऱ्या काही मेंढ्या जंतांनी खंगतात, तर काही धडधाकट राहतात. हा फरक बहुतांशी प्रतिकारशक्तीचा असतो. तो ओळखल्यास औषधाचा खर्च वाचतो व औषधाचा गुणही टिकतो.

जंताची वाढ

पावसाळ्यात सर्वांत घातक जंत म्हणजे हिमाँकस. तो चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंड्यांतून पडलेल्या अंड्यांपासून उबदार, दमट हवेत आठवडाभरात अळ्या तयार होऊन ओल्या गवतावर चढतात. पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत त्या अंडी देऊ लागतात. हगवण लागतेच असे नाही. डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी होणे व जबड्याखाली पाणी साचणे ही खरी लक्षणे होत.

प्रतिकारशक्ती कशी येते?

थोड्या थोड्या अळ्या पोटात जात राहिल्याने शरीर त्यांना ओळखू लागते. मग नव्या अळ्या कमी रुजतात व मादी जंत कमी अंडी घालतात. जंत पूर्णपणे नाहीसे मात्र होत नाहीत. पाच-सहा महिन्यांपर्यंतच्या कोकरांत ही शक्ती अपुरी असते. विण्याच्या सुमारास व दुधावर असताना मेंढीचीही शक्ती घटते आणि तिच्या लेंड्यांतील अंडी कोकरांच्या चरण्याच्या जागी पसरतात. या काळात पेंड, शेंगवर्गीय चारा अशी प्रथिने दिल्यास शक्ती सावरते.

आनुवंशिक गुण

हा गुण काही अंशी पुढील पिढीत उतरतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या दलदलीतील गॅरोल जातीचा दख्खनी व बन्नूर मेंढ्यांशी संकर केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संकरित कोकरांच्या लेंड्यांत अंडी कमी आढळली. पण त्यांची वाढही कमी होती. देवनारच्या बाजारात वजनाला भाव मिळतो, म्हणून दोन्ही गुण पाहूनच मेंढा निवडावा.

मेंढपाळांनी काय करावे?

१. सरसकट सर्व कळपाला वारंवार औषध पाजू नये. औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात व त्यांचीच पैदास वाढते.

२. पावसाळ्यात दर पंधरवड्याला डोळ्यांची आतली त्वचा पाहावी. फिकट दिसणाऱ्या मेंढ्यांना व अशक्त कोकरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार पूर्ण मात्रा द्यावी.

३. औषधापूर्वी व नंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासून घ्याव्यात. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर औषध बदलण्याबाबत सल्ला घ्यावा.

४. कोकरांना मोठ्या मेंढ्यांनी चरून गेलेल्या ओल्या, आखूड गवतावर सोडू नये.

५. वरचेवर औषध लागणाऱ्या मेंढ्यांच्या कानाला खूण करावी व त्यांची पिल्ले पैदाशीसाठी ठेवू नयेत.

बाटलीतील औषध हंगामापुरते असते. निवडलेल्या मेंढ्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या कळपात राहतो.