पाळकाची बदली: घर हलवण्याची कृती

बदलीचा आदेश निघतो पाळकाच्या एकट्याच्या नावाने, पण हलतं सगळं घर. बिशपसाहेबांच्या कचेरीतून पत्र येतं, रविवारी ते मंडळीत वाचलं जातं, निरोपाची तारीख ठरते, नव्या गावच्या पंचांचे फोन सुरू होतात. या धावपळीत मुलं आणि स्वयंपाकघर मागे पडतात आणि पुढे कितीतरी महिने घराची घडी बसत नाही. म्हणून या कृतीत घर आधी घेतलं आहे आणि चर्च नंतर. पाळकांना हे अवघड वाटेल, पण पाळकबाई म्हणून मी इतकी बांधाबांध केल्यावर हाच क्रम सांगेन.

पत्र आल्याबरोबर

मंडळीत वाचलं जाण्याआधी ते मुलांना सांगावं. शब्बाथशाळेतल्या मैत्रिणीकडून आपल्याच घराची बातमी कळणं मुलांना फार लागतं. सांगताना दोघांनीही समोर बसावं. रडू आलं तर येऊ द्यावं. 'देवाची इच्छा' हे शब्द त्या संध्याकाळी घाईने पुढे करू नयेत. मुलांना देवाचा राग येईल असं आपणच काही बोलू नये.

मग कॅलेंडर घेऊन बसावं. मूल दहावीत किंवा बारावीत जाणार असेल, तर पत्राचं उत्तर लिहितानाच बिशपसाहेबांना ते नम्रपणे कळवावं आणि हजर होण्याच्या तारखेबद्दल विचारावं. पाळकनिवास नव्या कुटुंबासाठी रिकामा करायचा असतो, त्यामुळे मुलांना घेऊन आईने मागे राहायचं ठरलं तर भाड्याची खोली किंवा नातेवाइकांचं घर आधीच बघायला हवं. मुलाला बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तर त्याला विचारून ठेवावं. बोर्डिंगच्या शिस्तीत काही मुलं फुलतात, काही आतून मिटतात. आपलं मूल कसं आहे हे आईबापांना ठाऊक असतं.

मागचं घर निस्तरताना

शाळा सोडल्याचा दाखला निकालाच्या आठवड्यातच मागावा. तो रखडला तरी घाबरू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. नव्या शाळेत हे शांतपणे सांगावं. सोबत मुलांची जन्माची प्रमाणपत्रं, आधार, प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाची कार्डं एका पिशवीत घालावीत. ही पिशवी ट्रकमध्ये चढवू नये, पाळकबाईंच्या खांद्यावर असावी.

घरातल्या सामानाची यादी हे काम सगळ्यांत नाजूक आहे. पलंग, कपाट, पंखे, पाण्याची टाकी यांतलं मंडळीचं काय आणि आपलं काय, हे पंचकमिटीतल्या कोणाला तरी सोबत घेऊन दिवसाउजेडी लिहावं. दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सह्या घ्याव्यात. नाताळात कोणी दिलेला मिक्सर पाळकाच्या घराला दिला होता की पाळकनिवासाला, यावरून पुढे कुजबुज होते. शंका असली तर वस्तू मागे ठेवावी. मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून बिल चुकतं करावं. किराणा, दूध, पेपर, इस्त्री, कोणाचीही बाकी राहू देऊ नये. पाळकाच्या घराची साक्ष गावात या खात्यांवरूनही ठरते.

चर्चच्या कागदांची यादी पाळकांनी करायची. त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं, सभासदांची नावं, प्रभुभोजनाची भांडी, किल्ल्या आणि हिशेब येतात. लग्नाचं रजिस्टर १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलं जातं, म्हणून अर्धवट राहिलेली नोंद किंवा सही सुटलेलं पान निघण्याआधीच पुरं करावं. ज्या जोडप्याला पासपोर्टसाठी दाखला लागेल, त्याला तुमच्या मागे हेलपाटे घालायला लागू नयेत.

येणाऱ्या कुटुंबासाठी एक कागद ठेवावा. पाणी किती वाजता येतं, कोणता नळ गळतो, दूधवाला कोण, रात्री उघडणारा दवाखाना कुठे, पावसात कुठून गळतं, एवढंच त्यावर लिहावं. माणसांबद्दल एक शब्दही नको. 'अमक्यांपासून जपा' असं लिहून ठेवलं, तर त्या माणसाची आणि नव्या पाळकाची पहिली भेट आपणच नासवतो.

निरोपाच्या भेटी ठरवताना आधी अंथरुणाला खिळलेल्यांकडे जावं, मग नुकतीच मयत झालेल्या घरी, मग जिथे संबंध ताणले गेले त्या घरी. शेवटची भेट जड जाते. गेल्यावर प्रार्थना करून उठावं, जुना विषय उकरू नये. त्या गावच्या दफनभूमीत आपलं कोणी असेल, तर मुलांना घेऊन तिथे जावं आणि ईस्टरच्या पहाटे कबरीवर मेणबत्ती लावायची विनंती एखाद्या घराला करून ठेवावी. अशी विनंती लोक वर्षानुवर्षं पाळतात.

बांधाबांध

पाळकाच्या घरात पुस्तकं फार असतात. ती लहान खोक्यांत भरावीत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की कोणालाच उचलत नाही. खोक्यावर आत काय आहे ते आणि नव्या घरातली खोली, दोन्ही लिहावं. गॅस परगावी बदलताना टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीकडे परत करून अनामत आणि व्हाउचर घ्यायचं असतं. ते व्हाउचर दाखवून नव्या गावात जोडणी मिळते. मधले काही दिवस घरात गॅस नसेल, म्हणून विजेची शेगडी, चहा-साखर, तांदूळ, डाळ, एक पातेलं आणि कुकर वेगळ्या पेटीत ठेवून ती ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढवावी, म्हणजे पहिली उतरेल. पाळकांचा झगा, पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक आणि पहिल्या रविवारचा संदेश हातातल्या बॅगेत घ्यावा.

ट्रकचं भाडं कोण देणार, हे आधी लेखी विचारून घ्यावं. त्यात संकोच करू नये.

पोहोचल्यावर

दारात लोक उभे असतात, प्रार्थना होते, डबे येतात. कोणत्या डब्यावर कोणाचं नाव, याची चिठ्ठी लगेच चिकटवावी. आठवडाभरात तो परत करायचा असतो, आणि रिकामा देऊ नये. घर लावताना दिवाणखान्याआधी मुलांची जागा लावावी. त्यांची गादी, पुस्तकं, खेळ आणि दिवा त्याच संध्याकाळी जागेवर असावेत. मिशन कंपाउंडमधल्या घरात लोक हाक मारत सरळ आत येतात, ती मायाच असते. पण एक खोली अशी ठरवावी की तिचं दार लावलेलं असलं म्हणजे आत कोणी जायचं नाही. हे पहिल्या दिवसापासून पाळलं तर कोणाला टोचत नाही. सहा महिन्यांनी सुरू केलं तर टोचतं.

पहिल्या रविवारी कुटुंबाने कुठे बसायचं आणि प्रभुभोजन कसं घ्यायचं, हे शनिवारीच एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना विचारावं. उत्तर भारतीय चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उभं राहिलं, पण जुन्या चाली गावोगावी टिकून आहेत. पुण्याचं पंचहौद चर्च अँग्लिकन परंपरेतलं, नगरचं ह्यूम मेमोरियल अमेरिकन मराठी मिशनचं. एका परंपरेत वेदीपुढे गुडघे टेकतात, दुसरीत बाकावर बसल्याजागी ताट आणि पेला येतो. कुठे 'सलाम' म्हणतात, कुठे 'जय ख्रिस्त'. ना. वा. टिळकांचं गीत तेच असतं, पण चाल निराळी असते. घरी बसून ती चाल मुलांना शिकवावी. पाळकाची मुलं आपल्या चालीत गायला लागली की मंडळीला फार बरं वाटतं.

पहिलं वर्ष

'आमच्या मागच्या मंडळीत असं व्हायचं' हे वाक्य घरातल्या कोणीही बाहेर बोलू नये. घरात मात्र मुलांना ते हवं तितक्यांदा बोलू द्यावं.

महिला मंडळाचं अध्यक्षपद पाळकबाईंकडे आपसूक चालत येतं. जमलं तर वर्षभर नुसतं बसून शिकायची परवानगी मागावी. एखादी बहीण ते काम वर्षानुवर्षं सांभाळत असेल, तर तिच्या हातातून ते काढून घेऊन कोणाचंच भलं होत नाही. मुलांनाही कॅरलला, तरुण संघाला, प्रत्येक घरगुती प्रार्थनेला ओढत नेऊ नये. उपासना आणि शब्बाथशाळा ठरलेली, बाकी त्यांच्या मनावर सोडावं.

जुन्या गावाहून लग्नासाठी किंवा मातीसाठी पाळकांना बोलावणं येईल. फोनवर मायेने बोलावं, प्रार्थना करावी, पण विधीसाठी तिथल्या नव्या पाळकांनी बोलावल्याशिवाय जाऊ नये.

आधारवरचा पत्ता, बँक आणि मतदारयादीसाठी नमुना ८ ही कामं पहिल्या दोन महिन्यांत उरकावीत.

आणि सोमवार. रविवारनंतरचा हा दिवस घराचा, असं पंचकमिटीला पहिल्याच बैठकीत सांगावं. मयत झाली तर सोमवारही सोडावा लागतो, त्याला इलाज नाही. पण मग त्याच आठवड्यातला दुसरा एक दिवस मुलांना द्यावा, आणि तो कोणता हे त्यांनाच ठरवू द्यावं.