दोन पगार, एक मूल आणि महागडे शहर

या पाठात आपण शिकू:
• चांगला पगार असूनही मूल वाढवताना ओढाताण का होते
• मूल होण्याआधी कोणता हिशेब करून पाहावा
• मुलासाठी बचत कोठे आणि कोणत्या क्रमाने करावी

बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम, मुंबई अशा शहरांत नवरा-बायको दोघेही कमावतात. घरात महिन्याला दीड-दोन लाख रुपये येतात. तरीही "मूल परवडेल का?" हा प्रश्न त्यांना पडतो. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते. "आमच्या वेळी एका पगारात चार मुले वाढली," असे ते म्हणतात.

दोघांचेही खरे आहे. पूर्वी मूल सांभाळायला घरात आजी, काकू, शेजारीण होती. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. शहरात हीच कामे पाळणाघर, मदतनीस आणि शाळेची बस करतात, आणि त्या प्रत्येकाला दरमहा पैसे मोजावे लागतात. घरही बहुधा मोठ्या कर्जावर घेतलेले असते. म्हणून पगार किती आहे यापेक्षा तो आधीच कशात अडकला आहे, हे पाहावे लागते.

नमुन्याचा हिशेब

कोल्हापूरकडून नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेले एक जोडपे धरू. त्याचा हातात येणारा पगार १,१०,००० आणि तिचा ९०,००० रुपये. एकूण २,००,००० रुपये. खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. आपण आपले आकडे घालून पाहावेत.

दरमहा खर्च (मूल होण्याआधी):
• घरकर्जाचा हप्ता (८० लाख, २० वर्षे, ८.५ टक्के): ६९,४००
• गाडीचा हप्ता: १५,०००
• सोसायटीचा देखभाल खर्च: ५,०००
• किराणा, दूध, भाजी: २२,०००
• वीज, गॅस, फोन, इंटरनेट: ७,०००
• घरकाम व स्वयंपाकाच्या बाई: ९,०००
• पेट्रोल: ८,०००
• गावी आईवडिलांना: १२,०००
• विम्याचे हप्ते: ६,०००
• कपडे, सण, प्रवास, बाहेरचे खाणे: १५,०००
एकूण १,६८,४०० रुपये. शिल्लक ३१,६०० रुपये.

आता मूल चार वर्षांचे झाले असे धरू:
• शाळेची फी (वर्षाला १,२०,०००): १०,०००
• शाळेची बस: ३,०००
• शाळेनंतरचे पाळणाघर: १२,०००
• डॉक्टर, औषधे: २,०००
• कपडे, पुस्तके, खेळणी, वाढदिवस: ४,०००
एकूण ३१,००० रुपये.

दोन लाखांतून महिनाअखेरीस उरले ६०० रुपये! यात एकही चैन नाही. पण मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी किंवा स्वतःच्या म्हातारपणासाठी बचतही नाही.

अडचण नेमकी कोठे आहे?

खर्च दोन प्रकारचे असतात. सण, कपडे, बाहेरचे खाणे हे खर्च अडचणीच्या महिन्यात कमी करता येतात. कर्जाचा हप्ता मात्र कमी करता येत नाही. वरच्या घरात दोन हप्ते मिळून ८४,४०० रुपये होतात. दोन पगार असताना ते शंभरातले ४२ रुपये आहेत. आई काही महिने घरी राहिली आणि एकच पगार उरला, तर तेच शंभरातले ७७ रुपये होतात.

आता याच घराने ८० ऐवजी ५० लाखांचे कर्ज घेतले असते, तर हप्ता ४३,४०० रुपये झाला असता. गाडी कर्जावर घेतली नसती, तर आणखी १५,००० वाचले असते. मिळून दरमहा ४१,००० रुपये. म्हणजे पगार तोच, मूल तेच, शाळाही तीच, पण शिल्लक ६०० ऐवजी ४१,६०० रुपये. मुलाचा खर्च पेलतो की नाही, हे पुष्कळदा मूल होण्याआधी, घराच्या करारावर सही करतानाच ठरून जाते.

एका पगाराची चाचणी

कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पात्र महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते. ती आपल्या कार्यालयात आहे का, हे आधी विचारून घ्या.

रजा संपल्यावर आईने आणखी सहा महिने बिनपगारी घरी राहायचे ठरवले, तर वरच्या घरात दरमहा ५८,४०० रुपये कमी पडतील. सहा महिन्यांचे होतात सुमारे साडेतीन लाख. ही रक्कम हाताशी नसेल, तर आईने कधी कामावर परतायचे हे ती किंवा घरचे नव्हे, तर कर्जाचा हप्ता ठरवतो.

म्हणून मूल होण्याआधी तीन महिने एक पगार पूर्णपणे वेगळ्या खात्यात टाकून पाहा. घर कोठे अडते ते कळेल, आणि जमलेली रक्कम हाच आपला बाळंतपणाचा निधी होईल.

फीची वाढ विसरू नका

शाळेची फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली, तर आजचे १,२०,००० रुपये सात वर्षांत सुमारे २,३४,००० होतात. प्रवेश घेताना फक्त पहिल्या वर्षाची फी पाहू नका. मागील तीन वर्षांत फी किती वाढली, ते वरच्या वर्गातील पालकांना विचारा.

बचतीचा क्रम

१. प्रथम सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदारामागे, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते.

२. मग विमा. मुलाच्या नावाने विमा घेण्याआधी कमावत्या आईवडिलांचा मुदत विमा आणि सर्व कुटुंबाचा आरोग्य विमा घ्या. मुलाचा खरा आधार आईवडिलांचे उत्पन्न आहे.

३. त्यानंतर शिक्षणासाठी बचत. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षाला किमान २५० आणि कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. पैसे १५ वर्षे भरायचे असून खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीपीएफचा, पर्याय आहे.

४. स्वतःच्या निवृत्तीची बचत थांबवू नका. शिक्षणासाठी कर्ज मिळते, म्हातारपणाच्या रोजच्या खर्चासाठी तसे मिळत नाही.

लक्षात ठेवा

मोठा पगार म्हणजे मोठी शिल्लक नव्हे. महागड्या शहरातही मूल वाढवणे परवडू शकते, पण त्यासाठी आधी मुलाचा खर्च मांडावा आणि मग घर व गाडीचा हप्ता ठरवावा.

स्वाध्याय

१. आपले सर्व हप्ते मिळवा. ते दोन पगारांच्या किती टक्के आहेत? एका पगाराच्या किती टक्के आहेत?
२. एक पगार सहा महिने बंद झाला, तर किती रुपये कमी पडतील?
३. ती रक्कम जमवायला दरमहा किती रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे लागेल? पती-पत्नी दोघांनी मिळून हे उत्तर काढा.