मंदार, एकदा दुसऱ्या विमानाने जाऊन बघ

पुणे

चि. मंदार,


ताईकडून कळलं की कोलकात्याला थेट विमान असताना तू दिल्लीमार्गे गेलास. भाडं जास्त दिलंस, दिल्लीत ताटकळलास आणि मध्यरात्री हॉटेलवर पोचलास. का, तर नेहमीच्या विमान कंपनीचं कार्ड गोल्डचं सिल्व्हर होऊ नये म्हणून. तू कमावता आहेस, खर्च कसा करावा हे मी सांगायला नको. पण माझी सगळी नोकरी लोकांची तिकिटं काढण्यात गेली, त्यामुळे राहवत नाही. एकाच कंपनीला धरून बसणं आता तुझ्या फायद्याचं राहिलेलं नाही.

प्रवासावर माइल्स, म्हणजे पॉइंट, देणारी ही योजना मुळात निघाली कशासाठी, ते ऐक. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. कंपन्यांत चुरस लागली आणि गिऱ्हाईक स्वस्त तिकीट दिसेल तिकडे जाऊ लागलं. त्याला धरून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली योजना आणली. म्हणजे तू दर वेळी भाव बघत बसू नयेस, एवढ्यासाठीच ती आहे. पुढे तिचाच मोठा धंदा झाला. क्रेडिट कार्डावर वाटायला बँका हे माइल्स विमान कंपन्यांकडून विकत घेतात. 2020 मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर होती, तेव्हा युनायटेड आणि डेल्टा यांनी आपापल्या माइल्स योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. तुला ते पॉइंट बँकेतल्या ठेवीसारखे वाटतात, पण ठेवीचा दर आधी ठरलेला असतो. फुकट तिकिटाला किती पॉइंट लागणार, हे कंपनी हवं तेव्हा बदलू शकते. तशी अट तू वाचून मान्य केलेली असते, किंवा न वाचता.

आपल्याकडचंच बघ. जेट एअरवेज 1993 मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांत गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन नाव घेऊन जेटच मागू लागली. सीट नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशीचं काढा म्हणायची, पण दुसऱ्या कंपनीचं नको. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि कारभार थांबला. पॉइंटची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती पुढे इंटरमाइल्स नावाने चालू राहिली, पण ज्या सीटसाठी लोकांनी पॉइंट साठवले ती सीटच उरली नाही. किंगफिशर त्याआधी, 2012 मध्येच, बंद पडली होती. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एकास एक वळते करून दिले, हे चांगलंच झालं. पण लोकांचा जीव विस्तारावर होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअर इंडियाने पॉइंट अंतरावर न देता खर्चावर द्यायला सुरुवात केली होती. लवकर बुकिंग करून स्वस्तात लांब जाणाऱ्या माणसाचा हिशेब एका दिवसात बदलला.

आता तुझं म्हणणं मला माहीत आहे: अडचणीच्या वेळी गोल्डवाल्याचा फोन आधी उचलतात. खरं आहे. वर्षातून बऱ्याचदा परदेशी जाणाऱ्याला लाउंज, जादा सामान आणि मित्र-कंपन्यांची विमानं यांचा उपयोग होतो, हेही खरं. पण तुझा प्रवास मुख्यतः पुणे-दिल्ली. या मार्गावर कार्डापेक्षा तिकीट महत्त्वाचं. कंपनीने आधी न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण तिच्या हातातलं असलं, तर पर्यायी विमान, नाहीतर भाड्याचा परतावा आणि वर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे जास्तीत जास्त पाच ते दहा हजारांपर्यंत भरपाई, असा विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा नियम आहे. तो पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यालाही लागू आहे. आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तेव्हा ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपन्यांची ॲपही नव्हती त्यांची फार परवड झाली.

बदल एकदम करू नकोस. देशातल्या देशात जाण्याचं आणि येण्याचं भाडं बहुतेक वेळा वेगवेगळंच लागतं, त्यामुळे जाताना नेहमीची कंपनी आणि येताना दुसरी, असं केल्याने सहसा तोटा होत नाही. पहिला प्रयोग परतीच्या प्रवासातच कर, म्हणजे उशीर झालाच तर मीटिंग बुडणार नाही. मात्र एकाच दिशेच्या प्रवासात दोन कंपन्यांची दोन तिकिटं जोडू नकोस. पीएनआर वेगळे असले की पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी तुझी वाट बघत नाही आणि पैसेही देत नाही.

निवडताना कंपनीपेक्षा वेळ बघ. एकच विमान दिवसभर चार-पाच फेऱ्या करतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, म्हणून शक्य तर पहाटेचं घे. कोणती कंपनी वेळेवर असते हे डीजीसीएच्या दरमहाच्या आकडेवारीत मिळतं. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच ते वेळेवर धरतात. भाड्याची तुलना करताना सामान, सीट आणि तारीख बदलण्याचे पैसे धरून एकूण रक्कम लिहून काढ. तुझ्या गुडघ्यांना जागा पुरते का, हे कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. ते बसूनच कळेल.

साठलेले पॉइंट मात्र ठेवून देऊ नकोस. दिवाळीला ताईचं आणि भाऊजींचं तिकीट त्यातून काढ. आधी बघून ठेव, त्या दिवसांत पॉइंटवरच्या सीटा थोड्याच असतात आणि करही आपल्यालाच भरावे लागतात.

पुढच्या महिन्यात दिल्लीहून कधी परतणार ती तारीख कळव. सगळ्या कंपन्यांची भाडी काढून पाठवते. त्यातलं नेहमीचं सोडून एक घे.

तुझी,
मावशी