बोकड नेला कुणी? वाड्याच्या राखणीचा हिशेब

बकरी ईदला बारा दिवस उरले असताना आमच्या ओळखीच्या एका बोकड-व्यापाऱ्याच्या बावीस बोकडांपैकी चार एका रात्रीत मेले. गावाबाहेरची मोकळी जागा भाड्याने घेऊन, बांबू ठोकून, त्यांना हिरवी शेडनेट गुंडाळून त्यांनी तात्पुरता वाडा केला होता. राखणीचा पोरगा टेम्पोच्या केबिनमध्ये झोपलेला. सकाळी गावभर बोलबाला झाला तो बिबट्याचा. वनरक्षक आले, त्यांनी जखमा पाहिल्या, ओल्या मातीतले ठसे पाहिले आणि सांगितले की हे काम बिबट्याचे नाही, मोकाट कुत्र्यांचे आहे. चारही बोकडांच्या मांड्या, कान व शेपट्या फाडलेल्या होत्या, पण खाल्लेले काहीच नव्हते. आणखी तीन जखमी होऊन लंगडू लागले. लंगडा बोकड कुर्बानीसाठी कोण घेणार? अठरा हजारांप्रमाणे चारांचे बहात्तर हजार तर गेलेच, शिवाय तिघांचा भाव पडला. त्याहून कमी खर्चात पक्का वाडा झाला असता आणि तो दरवर्षी कामाला आला असता.

शेळ्या-बोकडांचा व्यापार, कोंबडीपालन आणि मटण-चिकनची दुकाने यांवर आपल्या समाजातील असंख्य घरे चालतात. म्हणून या वेळी या पानावर राखणीचा विषय घेत आहोत.

पहिली गोष्ट, चोर ओळखणे. तो ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. वाड्याभोवती संध्याकाळी दोन हात रुंदीचा चाळलेल्या मातीचा पट्टा पसरावा आणि सकाळी तो वाचावा. मांजरकुळातील जनावर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून बिबट्याच्या ठशात नखांच्या खुणा नसतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशात त्या दिसतात. बिबट्या गळा धरतो आणि बहुधा एकच जनावर उचलून नेतो. मात्र बंद वाड्यात शिरला आणि शेळ्या बिथरल्या, तर तो एकाहून अधिक मारतो. लांडगा कळपाच्या कडेची शेळी किंवा करडू उचलतो. कोल्ह्याची मजल कोंबड्या व नुकत्या जन्मलेल्या करडांपर्यंत. कोंबड्यांचे खुराडे फोडणाऱ्यांत मुंगूस, उदमांजर आणि रानमांजर यांचाही हात असतो, पण आळ येतो कोल्ह्यावर, कारण ओरडतो तो! मोकाट कुत्र्यांची टोळी मात्र भुकेपेक्षा पाठलागाच्या नादात मारते. अनेक जनावरे जखमी आणि मांस जागेवर पडलेले, असे दिसले की संशय आधी कुत्र्यांवर घ्यावा.

आता वाडा. अकोले तालुक्यातील (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) बिबटे काय खातात याचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा ११ टक्के निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट जास्त होत्या, तरीही! शेळ्या रात्री बंद जागेत असतात आणि कुत्री उघड्यावर, हे त्याचे मुख्य कारण. पिंजरे, फटाके, हाकारे यांवर गावोगाव जेवढी चर्चा होते, तेवढी वाड्याच्या दारावर झाली तर बरे होईल, असे आम्हाला वाटते.

बिबट्याच्या मुलखात (जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, अकोले हा उसाचा पट्टा त्यात प्रथम येतो) छताशिवायचा वाडा म्हणजे वाडाच नव्हे. सहा-सात फुटांची भिंत तो सहज चढतो. वरून पत्रा किंवा जाळी हवीच, आणि ती खिळ्याला तार गुंडाळून नव्हे, पट्टी व बोल्टने आवळलेली हवी. भिंत आणि छत यांच्यामध्ये वाऱ्यासाठी ठेवलेली फटही जाळीने बंद करावी. कुत्री, कोल्हे व लांडगे बहुधा खालून येतात. त्यांच्यासाठी जाळी जमिनीत फूट-दीड फूट गाडावी. जमीन खडकाळ असेल तर जाळीचा दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगड रचावेत. उकरणारे जनावर कडेलाच उकरते, दोन फूट मागे सरून उकरण्याचे त्याला सुचत नाही. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या जागी वेल्डची जाळी घ्यावी. दाराला कडी-कोयंडा हवा आणि उंबऱ्याखाली फट नको. शेडनेट सावलीसाठी असते, राखणीसाठी नाही.

दिव्याबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. रात्रभर एकाच जागी जळणाऱ्या दिव्याला जनावर काही दिवसांत सरावते. रेडिओ, बुजगावणे यांचेही तेच. दिवा राखणदाराला दिसावे म्हणून लावावा. राखणीचा कुत्रा असेल तर बिबट्याच्या भागात तो रात्री जाळीच्या आत ठेवावा. बाहेर साखळीने बांधला तर पहिली शिकार त्याचीच होईल. शेळ्या राखायला लहान मुलांना एकटे पाठवणे आणि अंधार पडताना मुलांना उसाच्या कडेला बसू देणे या भागात टाळावेच.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. या जनावरांना वस्तीजवळ बोलावण्यात आपल्या धंद्याचाही हात असतो. दुकानातील आतडी, पिसे, मुंडक्यांचे तुकडे पोत्यात भरून गावकुसाच्या ओढ्यात टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पोल्ट्रीत मेलेली कोंबडी कुंपणाबाहेर फेकणारेही आहेत. त्यावर कुत्री पोसली जातात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, उरलेल्यावर कोल्हा येतो. मुंबई-नवी मुंबईच्या खारफुटीत राहणारे कोल्हेही वस्तीकडे येतात ते उकिरड्याच्या ओढीने. मेलेल्या पक्ष्यांसाठी शेडपासून व विहिरीपासून दूर खोल खड्डा घ्यावा, प्रत्येक थरावर चुना व माती टाकावी आणि तोंडावर झाकण ठेवावे. दुकानाचा टाकाऊ माल झाकणाच्या पिंपात ठेवून त्याच दिवशी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेत द्यावा. शेजाऱ्याशी या कारणावरून भांडण होण्याआधी आपणच हे केलेले बरे.

मारून टाकण्याचा विचार मात्र कुणी करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार लांडगा व बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कोल्हा, खोकड व तरसही तेथेच आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. विष घालणे, क्लचवायरचे फासे लावणे, मेन लाइनची वीज तारेत सोडणे हे गुन्हे तर आहेतच, पण त्या तारेला शेजाऱ्याचे मूलही चिकटू शकते. मोकाट कुत्र्यांनाही विष घालता येत नाही. त्यांची नसबंदी व लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेने करायचे असते. तशी लेखी मागणी करावी व पोच घ्यावी.

आणि मारून किंवा हलवून प्रश्न सुटतो असेही नाही. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. माणसांवरील हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. अमेरिकेत कायोटी नावाचा कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातील प्राणी आहे. विसाव्या शतकात सरकारी खर्चाने तो लाखोंनी मारला गेला. आज तो हवाई बेटे सोडून तेथील प्रत्येक राज्यात आहे. शेवटी तेथील पशुपालकांनाही कुंपण आणि राखणीचे कुत्रे यांकडेच वळावे लागले. आपला लांडगा तर देशभरात तीन हजारांच्या आसपास उरला असल्याचा अंदाज आहे.

नुकसान झालेच तर भरपाईचा हिशेब असा. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार वन्यप्राण्याने शेळी-मेंढी मारल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. बारा हजारांच्या शेळीचे नऊ हजार मिळतील. चाळीस हजारांच्या देखण्या बोकडाचे तीस हजार होत असले तरी हातात पंधराच येतील. म्हणून महागडा माल भरपाईच्या भरवशावर उघड्यावर ठेवणे हा तोट्याचाच सौदा आहे. कुत्र्यांनी मारले तर या योजनेतून काहीच नाही, कारण ती वन्यप्राण्यांपुरती आहे.

दावा बहुधा घाईने हातचा जातो. घटना ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवली पाहिजे (वनविभागाचा मदत क्रमांक १९२६) आणि मेलेले जनावर पंचनाम्यापर्यंत जागेवरून हलवू नये. मोबाइलवर फोटो काढावेत, ठशांवर घमेले उपडे घालून ठेवावे. खरेदीची बाजार समितीची पावती जपलेली असेल तर भावावरून वाद होत नाही. आपल्यापैकी अनेक जण तोंडी सौदा करतात, त्यांनी निदान एवढ्यासाठी तरी पावती घ्यावी.

राहिला प्रश्न जखमी जनावराचा. जीव आहे तोवर घाईने जिबह करून मांस विकून टाकावे, निदान खर्च तरी निघेल, असा मोह होतो. आमचा स्पष्ट सल्ला आहे की तसे करू नये. चावणारे जनावर पिसाळलेले नव्हते हे कुणी सांगावे? जखमीला वेगळे बांधावे, जखम साबणाच्या पाण्याने हातमोजे घालून धुवावी आणि पशुवैद्यकाला बोलावून रेबीजची लस तातडीने द्यावी. त्या जनावराची लाळ किंवा रक्त आपल्या हाताच्या चिरेला लागले असेल, अथवा त्या झटापटीत आपल्यालाच दात लागला असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट भरू नये. आमच्या त्या ओळखीच्या व्यापाऱ्याने तिन्ही जखमी बोकड लस देऊन वेगळे ठेवले आणि ईदच्या बाजारात नेले नाहीत. या वर्षी त्यांचा वाडा वेल्डच्या जाळीचा आहे आणि पोरगा आता आत, जाळीला लागून झोपतो.