स्कूटर घेण्याआधी पाय तपासा

हिंजवडीच्या उंच इमारतींत मुला-सुनांकडे राहावयास आलेली जी ज्येष्ठ मंडळी गुडघ्यांची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, त्यांच्या हाती हल्ली एक्स-रेच्या आधी मोबाइलवरचे एक छायाचित्र असते. घडी घालून मोटारीच्या डिकीत मावणारी, बॅटरीवर चालणारी ती छोटी स्कूटर दाखवून प्रश्न एवढाच होतो की, "डॉक्टर, यातली कोणती घेऊ?" चालणे मंदावणे हा वयाचा धर्म असून त्यावर वाहन हाच इलाज, ही समजूत इतकी दृढमूल झाली आहे की, चालणे मुळात का मंदावले याची चौकशी करण्याची तसदी कोणी घेत नाही.

अशाच एक निवृत्त शिक्षिका परदेशी असलेल्या लेकीकडे जाण्यापूर्वी आल्या. "उभ्याने शंभर पावलं चालले की पाय जड होतात, पण मॉलमध्ये ट्रॉली धरली की तासभर हिंडते," असे त्या म्हणाल्या, तेव्हा "आईचं हे मनाचंच आहे," असा शेरा चिरंजिवांनी मारला. वस्तुतः त्या एका वाक्यात अर्धे निदान होते. पुढे वाकले असता कण्याच्या अरुंद झालेल्या नलिकेत मज्जातंतूंना थोडी जागा मिळते, म्हणून ट्रॉलीवर रेललेल्या बाईंना आराम पडत होता. पुढील तपासणीत तेच ठरले, आणि गुडघे बिचारे विनाकारण बदनाम झाले होते! दरम्यान कोणा भोंदूच्या बिननावाच्या पुड्या त्यांनी कित्येक महिने घेतल्या होत्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड व जठर यांची हानी करतात, हे किती वेळा सांगावे?

चालताना पोटरीत येणारा गोळा उभे राहताच ओसरत असेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. छातीत दडपण येत असेल किंवा दम लागत असेल, तर हृदयाची. पावले आखूड पडून हात थरथरत असतील, तर कंपवाताची शंका घ्यावी. एकाच पोटरीस अकस्मात सूज आली, विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर, तर रक्ताची गुठळी असू शकते. पायांतील शक्ती एकाएकी गेली, जांघेभोवती बधिरता आली वा लघवीवरचा ताबा सुटला, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निदान झाल्यावर स्कूटर घेण्यास माझी हरकत नाही, आणि तीत लाजण्यासारखेही काही नाही. लांबच्या पल्ल्यासाठी ती वापरून घरात चालणे व मांडीचे व्यायाम चालू ठेवले, तर पाय दुबळे होण्याचे भय बाळगू नये. मात्र 'सर्वांत हलकी ती उत्तम' हा जाहिरातीचा हिशेब सोडून द्यावा. तीन चाकांची गाडी अरुंद जागेत सहज वळते, पण चार चाकांची अधिक स्थिर असते. हँडल धरण्यास दोन्ही खांद्यांत बळ, धडाचा तोल आणि बरी दृष्टी लागते; ज्यांच्यात हे नाही त्यांनी चाकांच्या खुर्चीचा विचार करावा. आपले वजन गाडीच्या मर्यादेत बसते का, आणि तिचा सर्वांत जड भाग डिकीत कोण उचलून ठेवणार, याची खातरजमा करावी. चाके लहान असल्याने आमच्या खोदलेल्या रस्त्यांवर व उखडलेल्या फरसबंदीवर ती अडखळते. आणि मोकळी ढकलण्याची कळ उतारावर कदापि दाबू नये, कारण त्या स्थितीत ब्रेक लागत नाही.

विमानाने न्यावयाची असल्यास काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-तासांपेक्षा मोठी असू नये. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की आकडा कळतो. 24 व्होल्ट व 10 अँपिअर-तासांची बॅटरी 240 वॉट-तासांची, म्हणजे नियमात बसणारी. तीही सामानात न टाकता गाडीतून काढून केबिनमध्ये न्यावी लागते, आणि विमान कंपनीची मंजुरी आगाऊ घ्यावी लागते.

मुलांना माझी एवढीच विनंती की, आईवडिलांना चकित करण्यासाठी गाडी परस्पर मागवू नका. आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या, मग दुकानात; त्या आसनावर त्यांना स्वतः बसू द्या, वळवू द्या, थांबवू द्या, आणि त्यानंतरच पैसे भरा.